काळी पट्टी

हसू नका, पण सगळ्या नोकरीत माझ्या फोटोच्या प्लेट्स एकदाच कोऱ्या निघाल्या, आणि त्याही चारच्या चार! रेकॉर्ड कंपनीत गाणाऱ्यांचे फोटो काढायचं माझं काम. अंबरनाथला राहतो म्हणून साहेबांनी मला उल्हासनगरला पिटाळलं. कॅम्प चारच्या बराकीत फाळणीनंतर आलेल्या एक सिंधी अम्मा होत्या. त्यांची पहिली रेकॉर्ड निघायची होती.

मी म्हटलं, "अम्मा, नुसतं गाण्यासारखं तोंड करा."

"झूठमूठ का गाना मुझे नहीं आता," म्हणाल्या आणि खरंच गायला लागल्या. गोणपाटाच्या पडद्यापलीकडची बिऱ्हाडंही सुरात सूर मिसळू लागली. मला त्या सिंधी गाण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण माझे डोळे वाहत होते. तसेच चार फोटो घेतले.

प्लेट्स धुतल्यावर कळलं, कॅमेऱ्यात प्लेटपुढे असते ती काळी पट्टी मी एकदाही ओढली नव्हती. ती ओढल्याशिवाय प्लेटवर उजेड पडेल कसा?

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून गेलो. अम्मा म्हणाल्या, "मालूम है. सिंध के सक्कर में मेरे घरवाले का फोटो स्टुडिओ था."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"यहाँ सब मेरे साथ गाते हैं, बेटा. बैठकर सुननेवाला तू पहला था. बीच में कैसे टोकती?"

मी कॅमेरा लावला. अम्मा उठल्या, पट्टी स्वतः ओढून माझ्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसल्या.

"हां," म्हणाल्या, "अब रो ले."