नाक आजोळचं

नागरिकत्वाच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे सासू-सुना उभ्या होत्या. परदेशात जन्मलेलं बाळ सुनेच्या कडेवर होतं.

“आई, हे बोटीवर आहेत, म्हणून साक्ष तुमची. बाळ तुमच्या मुलाचंच आहे, एवढंच सांगायचं.”

“सांगते गं. पण नाक तुझ्या आईचं, कपाळ तुझ्या भावाचं. आमचं मेलं काय आलंय त्यात?”

“चार महिने हेच ऐकतेय. आजच्या दिवस तरी नको.”

“दिसतं ते बोलते मी.”

“बोला. काम नाही झालं तर बाळाला परत तिकडेच न्यावं लागेल. तिथे माझी आई वाटच बघतेय.”

“चला, पुढचे कोण?”

“आम्ही, साहेब! हे कान बघा. थेट आमच्या सासऱ्यांचे!”

“आजी, नाक मात्र सूनबाईंसारखं दिसतंय.”

“नाकाचं काय घेऊन बसलात? दात आले की बदलतं ते!”