काकूच्या पापडांवरचा ड्रोन

लष्कराले माल पसंत पडणं लय कठीण काम हाये बाप्पा! आपला अकोल्याचा प्रवीण त्यायच्यासाठी चिमणीएवढा ड्रोन बनवून राहिला होता. लष्कराची अट अशी, का तो शत्रूच्या डोक्यावर आला तरी त्याले दिसला नाही पाहिजे अन् ऐकूही आला नाही पाहिजे.

मी म्हटलं, "चाचणीले शत्रू कुठून आणशीन?"

तो म्हणे, "आई हाये ना!"

काकू गच्चीवर पापड वाळू घालून, हातात काठी घेऊन कावळे हाकलत बसली होती. आमी अंगणातून ड्रोन सोडला अन् मोबाइलवर पाहत राहिलो. ड्रोन पार डोक्यावर गेला, तरी काकूनं मान वर केली नाही. प्रवीण खूश! त्यानं ड्रोन आणखी खाली घेतला. तेवढ्यात मोबाइलवर काठी दिसली, अन् मंग नुसता अंधार.

धावत वर गेलो, त काकू म्हणे, "दिसलं त काहीच नाही रे. पण वारा नाही, काही नाही, अन् पापड उडून राहिले! मंग म्या काठी फिरवली."

पुढं लष्कराच्या साहेबानं विचारलं, "या ड्रोनमध्ये काही खोट?"

प्रवीण म्हणे, "खोट नाही साहेब, पण आमची बी एक अट हाये. शत्रूनं गच्चीवर पापड वाळू नाही घालाचे."