त्रेचाळीस खापरं

मावशी : मळकं होतं हो सगळं, बाई! अकराला पालक येणार, म्हणून साबण लावून घासलं. बघा तरी, कसं लख्ख झालंय.

बाई : आणि प्रत्येक तुकड्याला बांधलेली चिठ्ठी?

मावशी : भिजून लगदा झाला त्यांचा. टाकल्या.

बाई : सगळ्या?

मावशी : एकूण एक. तुमचं तोंड का असं उतरलं? मी केलं तरी काय?

बाई : मावशी, तिसरीच्या पोरांनी आठवडाभर चमच्यानं उकरून, ब्रशनं झाडून काढलीत ही खापरं. कुठलं कोणत्या चौकोनात, किती खोल मिळालं, ते चिठ्ठीवर होतं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. चिठ्ठी गेली की उरतो नुसता फुटका कप.

मावशी : अगं बाई! अहो, पण हे तुकडे मैदानात खड्डा करून पुरले तुम्हीच ना? माझी फुटकी बरणीसुद्धा नेलीत. मग सांगून टाका पोरांना, कुठलं कुठं होतं ते.

बाई : नाही सांगणार. मीच सांगायचं तर पुस्तक वाचून दाखवलं असतं की!

मावशी : आणि मोठे सर? पोरं आज पालकांना नीट सांगू शकली नाहीत तर उद्या खड्डा बुजवणार म्हणालेत ना?

बाई : म्हणालेत. त्या खड्ड्यासाठी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते मी. तरीही नाही सांगणार.

चिमणी : बाई, आत येऊ? वर्गानं मला पाठवलंय. आमच्या टोपल्या... हे काय? कोणी धुतलं?

मावशी : मी, बयो.

चिमणी : का पण? बाई, मला रडू येतंय.

बाई : मलाही आलं होतं. रडून घे, मग वही काढ.

चिमणी : वहीत नुसती चित्रं आहेत. तुकडा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवलीये.

बाई : आणि बाजूला?

चिमणी : बाजूला चौकोन आणि खोली... बाई! तुकडा चित्रावर ठेवून बघायचा! बसला तर तोच!

बाई : मग उभी का? सगळ्यांना बोलाव, वह्या घेऊन.

चिमणी : थांबा. मावशी, तुम्ही आधी कोणती टोपली घेतलीत?

मावशी : दाराजवळची. निळ्या बशीची.

चिमणी : तो पहिला चौकोन. मग?

मावशी : मग खिडकीजवळच्या दोन्ही एकदम ओतल्या.

चिमणी : एकदम का?

मावशी : बादली मोठी होती गं! पोलिसांसारखी काय उलटतपासणी घेतेस!

(पावणेअकरा. वर्गाच्या फरशीवर खडूचे चार चौकोन, त्यांत खापरं मांडलेली. मुलं हात धुवायला गेली आहेत.)

चिमणी : बत्तीस बसली. अकरा राहिली. बाई, तुम्हाला ठाऊक आहे ना त्यांचं? एकदाच सांगा. कानात.

बाई : खऱ्या खोदकामात पुरणारा माणूस कधी भेटत नाही, चिमणे.

मावशी : मग ती अकरा कपाटात टाका. पालकांना काय पत्ता लागतोय! झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाई : कपाटात नाही. ताटात, दारासमोरच्या टेबलावर.

मावशी : लोक हसतील हो. हातातोंडाशी आलेला घास जाईल.

बाई : जाऊ दे. बुजवला तर पुन्हा मागे लागेन. पण पोरांना लपवायला शिकवणार नाही. चिमणे, ताटासाठी चिठ्ठी कर.

चिमणी : काय लिहू?

बाई : जेवढं ठाऊक आहे तेवढं.

चिमणी : 'अकरा खापरं. कुठली ते माहीत नाही.'

मावशी : का माहीत नाही, तेही लिही. 'मावशीनं न विचारता धुतली.'

बाई : मावशी, त्याची काही गरज नाही.

मावशी : आहे. मोठ्या सरांनी पोरांना बोल लावायला नको. लिही गं.

चिमणी : लिहिलं. पण मावशी... त्यातल्या पाचांची चित्रं मी काढलीच नव्हती. कंटाळा आला होता.

मावशी : मग तेही लिही, बयो. माझ्याच खाली लिही.