हजेरीतल्या तेरा पोरी

(आर्णीजवळच्या तांड्याबाहेरचं वावर. जानेवारीतली सकाळ. सुखीबाई आणि तिची मुलगी अंजू कापूस वेचताहेत. अंजू आईला बंजारा बोलीत ‘याडी’ म्हणते.)

सुखीबाई : मंग, काल तुह्या कोर्सची तपासनी कराले आलेला तो मुंबईचा साहेब काय म्हने?

अंजू : म्हने, शासन अनुदान देते ते शिकनाऱ्यासाठी, खाली खुर्च्यांसाठी नाही. तीस पोरींची नावं लिहिली अन वर्गात मले धरून अकरा. पुढच्या वर्षी पैसा कायले द्याचा?

सुखीबाई : अन तुही सत्यशीला मॅडम? ते काई नाही बोलली?

अंजू : लय समजावलं तिनं. सौरपंप दुरुस्तीचा कोर्स, तोही विद्यापीठाचा, बिनाफीचा. गावखेड्यातल्या पोरी पुन्हा कुठं जातीन, म्हनली. फोटो दाखवले, फाइल दाखवली. साहेब हजेरीचाच कागद पाहून राह्यले. मंग मॅडमनं फाइल मिटली. तिचं तोंड पाहून माह्याच्यानं बसवलं नाही, याडी. मी उभी झाली.

सुखीबाई : एवढ्या साहेबांपुढं?

अंजू : पाच जन होते. पन म्हनलं, सर, ह्या एकोनीस पोरी पळून नाही गेल्या. दिवाळीपासून कापूस फुटला, वेचाले मजूर भेटत नाही. घरोघरी पोरींलेच वावरात उतरवलं.

सुखीबाई : माहं नाव घेतलं का तिथं?

अंजू : नाही.

सुखीबाई : घ्याचं होतं. तुले तीन हप्ते मीनंच बसवून ठेवलतं.

अंजू : तुहा तरी काय इलाज होता? बाबाची कंबर धरलेली, एकटी किती वेचशीन तू?

सुखीबाई : इलाज होता. तुहा भाऊ बादल घरीच होता, मोबाइल पाहत. त्याले उठवलं नाही अन तुही बॅग खुंटीले टांगली. बरं, पुढं सांग.

अंजू : साहेबानं हजेरीत माहे तीन हप्ते कोरे पाह्यले अन विचारलं, वर्गात नव्हती तं शिकली काय? मंग मी शेजारच्या वावरातल्या भगवानरावाचं सांगतलं. त्यायचा सौरपंप अकरा दिवस बंद. कंपनीचा मानूस आज येतो, उद्या येतो करे. हरभरा सुकत चालला होता. मी वेचनीतून उठून गेली, पाह्यलं तं प्लेटांखालचा वायर उंदरानं कुरतडलेला. तासाभरात पानी चालू झालं.

सुखीबाई : पयले तं हात लावू देत नव्हता तो. पोरीचं काम नाही म्हने.

अंजू : त्यायनंच मंग कागदावर लिहून देलं, सही करून. तो कागद मी साहेबापुढं ठेवला. त्यायनं दोनदा वाचला.

सुखीबाई : अन देलं अनुदान?

अंजू : नाही देलं. काम चांगलं आहे म्हने, पन नियम माह्या हातात नाही. मार्च संपाच्या आत चोवीस पोरींनी तास पुरे केले तं पुढचं वर्ष मंजूर. नाही तं मशिना उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेतीन.

सुखीबाई : दोन महिन्यात होते का तेवढं?

अंजू : मॅडमनं रविवारचाही वर्ग लावला. सकाळी येनाऱ्या सकाळी, दुपारी येनाऱ्या दुपारी. पोरी आल्या तं होते.

सुखीबाई : अकरा आहात. म्हंजे आनखी तेरा पाह्यजे.

अंजू : तेरा. काल बसमधून उतरली अन सरळ दोन घरी गेली. निशिगंधाच्या बाबानं चहा पाजला अन सोमवारपासून धाडतो म्हने. जयाच्या मायनं दारातूनच वापस केलं.

सुखीबाई : मानीबाईनं?

अंजू : हो. म्हने, तुह्या संग शिकून माही पोरगी खांबावर चढनार का? जया मांगं उभी होती. खाली पाहत होती. आमच्या वर्गात तिच्याएवढं मीटर कोनालेच वाचता येत नाही, याडी.

सुखीबाई : मंग आता?

अंजू : आता काय? रोज दोन घरी जातो. नाही म्हनलं तं पुन्हा जातो. शिव्या देल्या तरी जातो.

सुखीबाई : ओटीतला कापूस ओत गाठोड्यात.

अंजू : एवढ्यातच? अर्धं वावर बाकी आहे.

सुखीबाई : राहू दे. मानीबाईच्या घरी जाऊ.

अंजू : काल ऐकलं नाही तिनं. आज काय ऐकनार?

सुखीबाई : तुहं नाही ऐकलं. माहं ऐकन.

अंजू : तुहं काहून ऐकन?

सुखीबाई : जयाले घरी बसव म्हनून मीनंच सांगतलं होतं तिले.