लग्न कुणाचं आहे?

आमच्या आईनं इकडे परदेशात, ॲथलोनमध्ये, एका लग्नाची बातमी कशी फोडली, ते ऐका. २०२० च्या सुरुवातीला ती आमच्याकडे आली आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकली. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर जमायला परवानगी मिळाली, तसा शेजारचा किरन आपलं ड्रम पथक घेऊन घरासमोरच्या हिरवळीवर सरावाला उतरला. हे पथक स्पर्धांमध्ये वाजवतं, पण ड्रमच्याही स्पर्धा असतात हे कुणाच्या गावीच नसतं. येणारा-जाणारा विचारायचा, "परेड कधी आहे?" किरन बिचारा समजावून समजावून थकला होता.

आवाज ऐकून आई बाहेर आली. मला म्हणाली, "विचार ना त्याला, लग्न कुणाचं आहे?"

"आई, ते स्पर्धेसाठी वाजवतायत."

"तू विचार तर खरं!"

विचारलं. किरननं कपाळावर हात मारला. "लग्न? हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं!"

सगळं पथक खो खो हसलं. फक्त मोठा ड्रम वाजवणारा शॉन आणि त्याच्या शेजारची ईफा हसेनात. दोघंही लालबुंद!

"काय झालं?" किरननं विचारलं.

ईफा पुटपुटली, "आमचं लग्न सप्टेंबरात आहे. अजून घरीसुद्धा सांगितलं नाहीये. ह्यांना कसं कळलं?"

मग जो काही गलका झाला! मी आईला सगळं मराठीत सांगितलं. तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

म्हणाली, "अरे, घरात कार्य असल्याशिवाय एवढं कोण बडवतं?"