रामजी बिडी ओढत नव्हता

आम्ही मूळचे मुरुडकडचे, वडील शिडाच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचे म्होरके, पण मला समुद्र लागायचा, ओकून ओकून जीव जायचा, म्हणून मामांनी मला ह्या गावात आणलं आणि बाजारात दिव्यांच्या दुकानावर बसवलं. लग्नाला, उरुसाला कारबेटचे दिवे भाड्यानं द्यायचे. कारबेट म्हणजे करडा दगड हो, पाणी लागलं की गॅस सुटतो आणि तो जळतो. मागं पांढरा चिखल उरतो, सुपारीच्या वाडीवाले खोडांना फासायला न्यायचे. पण त्यात न विरलेले खडे राहतात, म्हणून नगरपालिकेनं दवंडी पिटलेली, कारबेट, रॉकेल गटारात टाकायचं नाय, पुळणीवर, समुद्राकडच्या वाळूत न्यायचं, नायतर दंड.

बाजारातलं गटार फरशांनी झाकलेलं, आत माणूस वाकून चालेल एवढं. ते साफ करायचा रामजी, काठेवाडकडचा. काय सांगू तुम्हाला, उतरण्याआधी दुकानादुकानापुढं उभा राहून ओरडायचा, काय टाकलंय का शेठलोक, आत्ता बोला, वर गेल्यावर मी विचारायला येणार नाय. लोक हसायचे, पण खरं सांगायचे. मग फरशी उचलून पेटता कंदील दोरीनं आधी खाली सोडायचा, विझला तर हवा खराब, उतरायचं नाय. एवढा जपणारा माणूस.

माझ्या बहिणीचं, हलीमाचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तिला श्रीवर्धनला दिलेली, मचवा सकाळच्या भरतीवर सुटायचा होता. मामा ओरडतायत, दिवे धुऊन ठेव आणि धक्क्यावर ये, आणि पुळण गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी फरशी सरकवली आणि सगळा चिखल खाली ओतला. फरशी परत बसवली तोच रामजी आला, सोबत नगरपालिकेचा मुकादम. रामजी म्हणाला, काय इसाकभाई, बेन चालली ना, तुम्हीच जास्त रडणार बघा, आणि काय टाकलं नाय ना? मुकादम माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, नाय. वाटलं, हा वरच्या अंगानं सुरू करील, इथं यायला दुपार होईल, तोवर वाहून जाईल. वाटलं कसलं, मनाला तसं सांगितलं आणि पळालो.

हलीमा मचव्यात बसून रडत होती, मी हात हलवत होतो, तेवढ्यात बाजाराकडनं आवाज झाला. जाऊन बघतो तर आमच्या दुकानापुढच्या फरशा उडालेल्या, रामजी रस्त्यात, अंगावर कुणीतरी गोणपाट टाकलेलं, दोरी बांधलेला कंदील चेपून बाजूला पडलेला. बघणारं कुणी नव्हतं, अर्धा बाजार आमच्या पाहुण्यांना पोचवायला आलेला, मुकादम चहाला गेलेला. आपल्यावर येऊ नये म्हणून तोच म्हणाला, बिडी पेटवली असणार. बिडी म्हटलं की दोष मेलेल्याचा, पुढं कुणी विचारत नाय. मी तिथंच उभा होतो.

रामजीची बायको जमनाबेन ज्याला त्याला सांगत फिरली, माझा माणूस बिडीला शिवत नव्हता. कोण ऐकतो? नगरपालिकेची मदत मिळाली नाय, तिनं त्याचाच झाडू उचलला, आणि माझ्या दुकानापुढचा रस्ता ती झाडायची, मी मान खाली घालून बसायचो. माझी पोरं झाली, केस पिकले, तोंड उघडलं नाय.

गेल्या रमजानात तिच्या उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल, झाडू मारील. ती म्हणाली, म्हणजे ते चोरून ओढत नव्हते? काय सांगू तुम्हाला, लोकांचं ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलेलं, नवऱ्यानं आपल्याला फसवलं म्हणून, त्याच्या तिथीला दिवासुद्धा लावायची नाही. म्हणाली, इसाकभाई, माणूस नेलात तो नेलात, पण मेलेल्याशी मला भांडत ठेवलंत. आणि दार लावून घेतलं.

मग मी बाजारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. कुणी म्हणाले, आता कशाला उकरतोस. आज तुमच्याकडनं लिहून घेतोय. जमनाबेन मला बघून अजून रस्ता बदलते. बदलू दे. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो, आणि ह्याला माफ कर असं सांगायला तिच्याकडं कुणी जाऊ नका.