माझं ताट

– नाही बाई, नजरचूक-बिजरचूक काही नाही, तो मीच आहे. वरून दुसऱ्या पायरीवर, झेंडूच्या कमानीखाली, टोपीवाला – फाउस्तिनो आर्सिनिएगा, राहणार अठराव्या रस्त्यावर, तुमच्या या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर. मेलेल्यांच्या सणाला मांडलेल्या वेदीवर माझा फोटो, आणि मी हा असा तुमच्यासमोर बोंबलत उभा. परवा न्हाव्याकडं गेलो, तर त्यानं वस्तरा खाली ठेवून आधी छातीवर क्रूस काढला. म्हणे, डोन फाउस्तिनो, तुमच्या नावानं मेणबत्ती लावून आलो की मी. आता त्याला काय म्हणायचं, आभारी आहे? – हसू नका. जिवंत माणसाचा फोटो वेदीवर गेला तर तो वर्ष काढत नाही म्हणतात. ठाऊक नाही तुम्हाला? अख्खा मेक्सिको टांगलाय तुम्ही भिंतींवर, आणि एवढं ठाऊक नाही?

वेदी कुणी मांडलीय? येसेनियानं. माझी मुलगी ती, एकुलती एक. – छे, गैरसमज कसला? मी जिवंत आहे ते तिला चांगलं माहीत आहे. शिकागोत परत आल्यापासून दर रविवारी दार वाजवतो तिचं. पडदा हलतो, दार उघडत नाही. तिची आई गेली तेव्हा मी तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानला होतो – का होतो ते सोडा, तो तुमचा विषय नाही – मातीला पोचलो नाही, हे खरं. म्हणून काय बापाला जिवंतपणी गाडायचं? आणि तेही चारचौघांत, शाळेच्या पोरांना रांगेनं दाखवत? बायकोच्या शेजारी ठेवलंय मला, तेवढं एक बरं केलं – नाही, बरं कसलं, काढा. तुम्हाला हात लावायची परवानगी आहे ना, मग काढा तो फोटो. मी नाही जवळ येणार. स्वतःच्याच वेदीपुढं कोण उभं राहतं? … बरं, आलो. हा आलो. काढा आता.

थांबा जरा. मेलेल्यांसाठी वाढलेलं हे जेवण खरं आहे? बाकीच्या वेद्यांवर तर मातीचा पाव नि कागदाची फळं आहेत. – रोज? रोज सकाळी ती स्वतः आणते? मुंग्या लागतील म्हणालात तुम्ही, तरी भांडली? भांडणारच, माझ्यावर गेलीय. कोंबडी आणि मोले – त्या रश्श्याचा रंग बघा, मिरची अशीच भाजायची असते, काळी होईस्तोवर नाही. आईनं शिकवलं तिला. दोन ताटं आहेत. हे तिच्या आईचं, वर तीळ भुरभुरलेत, ती पद्धतच आहे. आणि हे माझं … बाई, याच्यावर तीळ नाहीत.

नाही, विसरलेली नाही हो. तिळानं माझ्या अंगावर गांधी उठतात, घसा बंद होतो. ती लहान असताना एकदा झालं होतं, तेव्हा टेबलाखाली बसून रडत होती. पण मेलेल्याच्या अंगावर कुठल्या गांधी उठतात? मेलेल्याला काय, तीळ घाला नाहीतर खडे घाला.

फोटो ठेवा जागेवर. हो, मीच बोंबललो, आता मीच सांगतोय. ठेवा. आणि तो चमचा द्या इकडे – द्या हो, प्रदर्शनातला असला म्हणून काय झालं, माझ्या नावानं वाढलंय. सकाळी आली की तिला हे ताट रिकामं दिसू दे. जा आता तुम्ही. माणसाला जेवताना असं बघत बसू नये.